होल्डवर ठेवलेला चमत्कार

देवदूतांना पंख नसतात, हे मला पहिल्यांदा सांगितलं माझ्या घरमालकांनी, आणि तेसुद्धा पाण्याची मोटर उघडून बसलेले असताना. मी वरच्या खोलीतून रिकामी बादली घेऊन खाली आले होते. नाताळ जवळ आला होता आणि चर्चच्या तरुण संघानं थर्माकोलचा एक भलामोठा देवदूत करून घरमालक काकांच्या ओसरीवर आणून ठेवला होता. काकांनी मोटरीवरची नजर न काढता स्क्रू ड्रायव्हर त्याच्या दिशेनं रोखला.

"ते पंख बघितलेस? एवढ्याशा पंखांवर कोंबडीसुद्धा कुंपण ओलांडणार नाही. रिजेक्ट."

"पण काका, चित्रात असतात की."

"ती चित्रकाराची अडचण. पंख नाही काढले तर लोकांना कळणार कसं, देवदूत कोण आणि कुरियरवाला कोण?"

मोटर सुरू झाली, पाणी आलं, बादली भरली, तरी मी तिथंच उभी होते. पुढे त्यांच्या घरात राहिले तोवर बरेचदा अशीच काहीतरी निमित्त काढून उभी राहायचे.

मी देवळ्याची. घरचा कांदा, घरचं दैवत वणीची आई. नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली आणि शरणपूर रोडच्या मागच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत मला ही खोली मिळाली. भावाला ते फारसं आवडलं नव्हतं. "बाटवतील तुला," असं तो फोनवर दर वेळी बजावायचा. मी त्याला सांगायचे की घरमालकांनी आजवर मला नळ घट्ट बंद करण्यापलीकडे काहीही शिकवलेलं नाही.

काकांनी सातपूरच्या कारखान्यात जन्मभर मालाची तपासणी केली होती. ते निवृत्त झाले, तपासणी झाली नाही. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी तीनच प्रकार: पास, रिजेक्ट आणि होल्ड. होल्ड म्हणजे बाजूला ठेवा, आत्ताच काही बोलू नका. माझे पोहे पास झाले होते. भाजीवाल्याची मेथी रोज रिजेक्ट व्हायची आणि रोज घेतलीही जायची. पाळकसाहेबांचं प्रवचन बहुधा होल्डवर असायचं.

चर्चमधल्या लोकांना त्यांची धास्तीच वाटायची. उपासनेनंतर कुणी उठून साक्ष द्यायचं, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. प्रार्थनेनं माझी शुगर गेली, माझा गुडघा बरा झाला, असं कुणी म्हणालं की मागच्या बाकावरून काकांचा खाकरल्याचा आवाज यायचा. मग बाहेर चपला घालताना ते त्या माणसाला गाठायचे आणि अगदी सौम्यपणे म्हणायचे, "आनंद झाला. रिपोर्ट कधी दाखवतोस?"

देवदूत दिसल्याचं सांगणाऱ्यांची चौकशी तर याहून कडक. वस्तीतल्या एका बाईंना पहाटे खिडकीत पांढरा उजेड दिसला होता आणि त्यांची खात्री होती की तो देवदूतच. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काय काम करून गेला?"

"काम असं नाही... नुसता उभा होता."

"मग तो देवदूत नव्हे, पाहुणा. देवदूत कामाला येतो. काम झालं की जातो. चहालासुद्धा थांबत नाही."

गंमत म्हणजे या माणसाचा देवदूतांवर जेवढा विश्वास होता तेवढा त्या अख्ख्या वस्तीत कुणाचा नसेल. मी एकदा विचारलंच, "काका, तुम्हाला कधी दिसला का हो?" "नाही," ते म्हणाले, "पण मी कारखान्याच्या मालकालाही कधी पाहिलं नाही. पगार मात्र वेळेवर व्हायचा."

आता त्यांच्या नखांच्या वेडाबद्दल सांगते. काका आठवड्यातून दोनतीनदा सरकारी दवाखान्यात जायचे, कापडी पिशवीत नेलकटर, खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे घेऊन. ज्याच्यापाशी कुणी नाही किंवा ज्याच्यापाशी बसलेलं माणूस दमून गेलंय अशा रोग्याच्या पायथ्याशी ते स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, "नखं वाढलीत. कापू?" आजाऱ्याला भेटायला येणारे फळं आणतात, नखांकडे कुणाचं लक्ष जात नाही, असं त्यांचं म्हणणं. चादरीत अडकणारं पायाचं नख माणसाला तापापेक्षा जास्त छळतं म्हणे.

मंगळवारी आणि शनिवारी मात्र नेलकटर पिशवीतून निघायचा नाही. त्या दिवशी खेड्यापाड्यातले लोक नखं कापत नाहीत. म्हणून ते त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या भरून द्यायचे, केस विंचरून द्यायचे. अमावास्या कधी आहे हे बघायला त्यांच्या भिंतीवर येशूच्या चित्राशेजारी पंचांगाचं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि त्यावरून महिला मंडळात कुजबुज चालायची. शिवाय कापलेली नखं ते कधीही कचऱ्यात टाकत नसत. पेठ-सुरगाण्याकडच्या रोग्यांना भीती असते, आपल्या नखांवर कुणी करणी करेल. काका नखांची पुडी बांधायचे आणि ज्याची त्याच्या उशाशी ठेवायचे.

"आणि प्रार्थना कधी करता?" मी विचारलं. ते प्रार्थना करायला जातात असं वस्तीत सगळे म्हणायचे.

"कापताना. दहा बोटं, दहा विनंत्या. अंगठ्याला जरा मोठी."

"डोळे उघडे ठेवून?"

"मग काय मिटून? बोट कापेल ना त्याचं."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसावं की नाही कळेना. रोग्याला बहुतेक वेळा पत्ताही नसायचा की आपल्यासाठी प्रार्थना होऊन गेली. काकांना तेच आवडायचं.

मग त्या उन्हाळ्यात माझी आई आजारी पडली. पोटात उजव्या बाजूला अशी कळ यायची की ती शेतातल्या बांधावर आडवी व्हायची. भाऊ जीप करून तिला नाशिकला घेऊन आला. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, पिशवी सुजलेली. डॉक्टर म्हणाले, सूज थोडी उतरू द्या, मग लगेच दुर्बिणीतून पिशवी काढून टाकू. पुढची कळ यायच्या आत काढायला हवी, पिशवी फुटली तर जिवावर बेतेल. भाऊ तिला माझ्याकडे सोडून कांद्याकडे परत गेला. आईला जिना चढवेना, तेव्हा काकांनी आपली पुढची खोली तिला दिली आणि स्वतःची खाट ओसरीवर टाकली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तिला पुन्हा कळ सुटली. डॉक्टरांनी दिलेलं औषध दिलं, तरी ती गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. मी रिक्षा बोलवायच्या बेतात असताना काका स्टूल घेऊन दारात आले.

"ताई, नखं वाढलीत. कापू?"

त्या अवस्थेतही आईनं पाय पदराखाली ओढून घेतले. "पायाला नका हात लावू, दादा. पाप लागंल मला."

"लागलं तर मला लागू द्या. मला सवय आहे."

आईला बोलण्याचं त्राण नव्हतं. काका बसले आणि एकेक बोट हातात धरून सावकाश कापू लागले. खोलीत फक्त नेलकटरचा आवाज येत होता. शेवटी हाताच्या एका बोटाशी त्यांचा नेम चुकला आणि रक्ताचा थेंब आला. काका एकदम ओशाळले, चारचारदा माफी मागितली, खोबरेल लावलं. आई त्यांच्याकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत तिची कळ थांबली होती.

सकाळी मी उठून खाली आले तर आई चुलीपुढं बसावं तशी काकांच्या गॅसपुढं पाट टाकून बसायच्या तयारीत होती, भाकरी करायला.

"मी आता आपरेशन करनार नाय," तिनं जाहीर केलं. "दादांनी हात लावला अन् दुखनं पळालं. लय दिवसांनी झोप लागली मला."

लगोलग तिनं भावाला फोन लावला. घरच्यांशी बोलताना ती आमच्या बाजूच्या बोलीवर यायची. "आते बरं शे माले," आता बरं आहे मला, असं ती म्हणाली. बाटवतील म्हणून घाबरणारा माझा भाऊ आता म्हणाला, "मंग येतो की रविवारी न्यायला. कांदा काढायला मानूस नाय इथं." मी तिला समजावलं, रागावले, डॉक्टरांचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगितलं. आईनं भाकरी उलटली. देवानं दिलं ते परत करायचं नसतं, एवढंच तिचं उत्तर.

बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. दुपारी महिला मंडळाच्या बायका आल्या, पाठोपाठ पाळकसाहेब. आईनं येत्या रविवारी भावाबरोबर जाण्याआधी चर्चमध्ये येऊन साक्ष द्यावी असं त्यांचं म्हणणं होतं. काका दारातच आडवे उभे राहिले.

"होल्ड," ते म्हणाले.

"अहो, पण तुमचीच प्रार्थना आहे," पाळकसाहेब हसत म्हणाले. "प्रभूनं तुमच्या हातून केलंय, आनंद माना."

"म्हणूनच होल्ड. स्वतःच्या हातचा माल स्वतः पास करायचा नसतो. कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात."

पाहुणे नाराज होऊन गेले. काका आत आले आणि आईसमोर स्टुलावर बसले. मी पहिल्यांदाच त्यांना शब्द शोधताना पाहिलं.

"ताई, कळ थांबलीय. खडे आहेत तिथंच आहेत. कळ अशी येते आणि जाते, डॉक्टरांनी सांगितलंय. पाहिजे तर पुन्हा सोनोग्राफी करू."

"देवाला का तपासायचं?" आई म्हणाली. "अन् दादा, तुमचा देव काय अर्धंच काम करतो का? दुखनं नेलं अन् खडे ठिवले?"

काका उठून अंगणात गेले आणि पेरूच्या झाडाची वाळकी पानं उगीचच तोडत उभे राहिले. मी मागोमाग गेले. माझा जीव टांगणीला लागला होता आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला होता. नखं कापून नुसते गेले असते तर काय बिघडलं असतं, असं मी बोलूनही दाखवलं.

"बरोबर आहे तुझं, बेटा," ते म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता: "तिनं सकाळी भाकरी केली ना, तेव्हा मला तो चमत्कार पास करायचा होता. इतकी वर्षं लोकांना रिपोर्ट मागत आलो. एकदा, फक्त एकदा, आपल्याला न मागता मिळावा असं वाटलं."

ते ऐकून माझा राग मावळला आणि भीती तेवढी उरली.

रविवार जवळ येत होता. काका रोज आईपुढं बसायचे, रोज नवा मुद्दा काढायचे. डॉक्टरांचे हातही देवाचेच, असं त्यांनी सांगून पाहिलं. देवदूत दवाखान्यात जास्त असतात कारण तिथं काम जास्त, हेही सांगून पाहिलं. आई ऐकून घ्यायची, चहा द्यायची आणि मान हलवायची. शेवटी एका सकाळी काका अगदीच हातघाईवर आले. "ताई, विश्वासाच्या नावाखाली जिवाशी खेळ करायचा नसतो!" त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

आईनं शांतपणे आपलं बोट त्यांच्यापुढं धरलं. चिरलेल्या जागी बारीक खपली होती.

"मंग हे काय, दादा?"

"चुकलं माझं. माफी मागितली ना?"

"माफीचं नाय म्हनत मी. तुमाला दिसत नाय. त्या दिवशी तुमी बोट चाचपून कापत होता, मी बघितलं. चहात साखर टाकता ती बशीत पडती. माझ्या सासऱ्याला हेच झालं होतं. मोतीबिंदू हाय तुमाला, अन् पिकलाय. आपरेशन का नाय केलं?"

मी काकांकडे बघतच राहिले. इतके दिवस मी त्या घरात राहत होते, आणि त्यांचे डोळे धूसर झालेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"प्रार्थना चालू आहे," काका पुटपुटले.

"रिपोर्ट कुठंय?" आई म्हणाली.

हा शब्द तिनं माझ्याकडून ऐकला असणार. काकांचा चेहरा एवढासा झाला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधीच विसरणार नाही. दर आठवड्याला दवाखान्यात जाणारा, शेकडो अनोळखी पाय हातात घेणारा हा माणूस स्वतः आयुष्यात कधी दवाखान्याच्या खाटेवर झोपला नव्हता. तसं म्हटलं की त्यांना एकच चित्र दिसायचं. आपण आडवे पडलोय आणि दुसरं कुणी आपल्या डोळ्याशी सुरी घेऊन उभं आहे, आपल्याला काही करता येत नाही. बायको होती तेव्हा तापातसुद्धा त्यांनी तिला कपाळावर पट्टी ठेवू दिली नव्हती, स्वतःच ठेवायचे. "मला हात लावून घेता येत नाही, ताई. लावता येतो. लावून घेता येत नाही."

आईनं थोडा विचार केला. बाजारात भाव ठरवताना ती असाच थोडा विचार करायची.

"असं करू. आदी तुमी निजा टेबलावर. मंग मी निजते."

"माझं डोळ्याचं आहे, घाईचं नाही. तुमचं..."

"म्हनून तर. तुमचं लवकर करा, म्हंजे माझं लवकर व्हईल."

काका ओसरीवर जाऊन बसले. दिवसभर तिथून हलले नाहीत, जेवलेही नाहीत नीट. मला वाटलं, संपलं. रविवारी भाऊ येणार आणि आई जीपमध्ये बसून जाणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर काका नाताळला घालायचा तो कोट घालून, केस चापून चोपून बसवून, दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. "चला," ते म्हणाले, "माझा विचार बदलायच्या आत." मी ग्रंथालयात रजा कळवली. तपासण्या झाल्या, आणि त्यांचा घाबरटपणा ओळखूनच की काय, डोळ्यांच्या डॉक्टरांनी लगेच उद्याचाच दिवस दिला.

त्या दिवशी आम्ही तिघं रिक्षानं गेलो. हिरवा झगा आणि टोपी घातलेले काका बाकावर बसले आणि डोळ्यात औषध घालायला आलेल्या मुलीला त्यांनी बाटलीवरची तारीख वाचून दाखवायला लावली. मुलगी हसली, पण मी त्यांचे हात बघत होते. झग्याची नाडी ते पुन्हा पुन्हा सोडून बांधत होते. नंबर जवळ आला तसा त्यांनी आईच्या दिशेनं चेहरा वळवला. "ताई," ते फार हळू म्हणाले, "माझ्यासाठी प्रार्थना कराल का?"

आई गोंधळली. "मला तुमची प्रार्थना नाय येत, दादा. मला एक वनीची आई ठाऊक."

काकांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. येशूशिवाय कुणापुढं डोकं न टेकवलेला माणूस तो. मग ते म्हणाले, "मोठ्यानं नका करू, म्हणजे झालं."

आईनं त्यांच्या डोक्यावरच्या हिरव्या टोपीवर हात ठेवला. ओठ हलले. काय मागितलं ते मला ऐकू आलं नाही, काकांनाही नाही. पण त्यांनी तिचा हात झटकला नाही, उलट मान खाली घालून डोळे मिटले, आणि आत बोलावणं येईपर्यंत तसेच बसून राहिले.

डोळा छान झाला. काळा चष्मा लावून ते बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी आईला विचारलं, "आता तुमचं कधी?" आईनं तिथंच, बाकावर बसून, भावाला फोन केला. रविवारी येऊ नको, येशील तेव्हा दवाखान्यात ये.

आईची पिशवी काढली तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की आत पू झाला होता, गावी गेली असती तर परत आणायला वेळ मिळाला नसता. मी ऐकलं आणि आईच्या खाटेकडे गेले. काका चर्चमधल्या लोकांना घेऊन आले नव्हते, पाळकसाहेबांनाही नाही. एकटेच काळा चष्मा लावून आईच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून होते आणि ती पाणी मागेल म्हणून बाटली हातात धरून होते.

आता काका नाहीत. ते गेल्यावर मी ती खोली सोडली. वस्तीतले लोक अजून भेटले की आईच्या पोटाची गोष्ट काढतात आणि त्यात चमत्कार कुठला यावर त्यांचा वाद चालतो. आमच्याकडे देवळ्यालाही लोक विचारतात. यात्रेहून येणारी एखादी बाई ओट्यावर टेकते आणि आईला म्हणते, त्या ख्रिस्ती म्हाताऱ्याच्या प्रार्थनेनं बरी झाली म्हनं तू?

आई कांदे निवडता निवडता मान हलवते. "नाय गं," ती म्हणते. "प्रार्थना तर समदेच करत्यात. तो लय घाबरत होता, तरी माझ्यासाठी आदी जाऊन निजला."